बाराव्या प्रकरणाची जागा

"हूं म्हणत राहा," बाई म्हणायच्या आणि वाचायला लागायच्या.

वाचायला लागायच्या म्हणजे चालायला लागायच्या. हातात कागद, घरातसुद्धा पायांत चपला, ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत. लहान मूल गोष्ट ऐकताना जसं 'हूं' म्हणतं, तसं समोरच्यानं अधूनमधून म्हणायचं. 'हूं' आला नाही की बाई जिथे असतील तिथे थांबायच्या, कानामागची पेन्सिल काढायच्या आणि त्या ओळीसमोर फुली मारायच्या. "इथं मेलं," असं स्वतःशीच म्हणून पुढे निघायच्या.

तुम्ही लेखक पाहिले असतील. टेबलाशी बसलेले, हनुवटीखाली हात घेतलेले. मी जवळून पाहिलेली लेखिका ही एकच, आणि त्या बसतच नसत.

आधी माझं सांगते. मी खारदांड्याची. आई मासळी विकायची, बाबा बोटीवर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, बी.ए. झालेलीही पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आज अंधेरीला एका औषध कंपनीत खरेदीचं काम बघते. साहित्यातलं मला किती कळतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण बाईंच्या गोष्टींना हूं देण्याचं काम मी केलं, बरीच वर्षं केलं, आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

बाई आम्हाला अंधेरीच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. कुणी मॅडम म्हटलं तर मागे वळून बघायच्या. "मॅडम इंग्रजीला आहेत. पलीकडच्या वर्गात. मी बाई." फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत त्या इतक्या फेऱ्या मारायच्या की मागच्या बाकावर बसण्यात काही अर्थ उरायचा नाही. दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या, "हे माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी नाही. नोकरी सोडून फक्त लिहिणार आहे." आमच्या वरच्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, आम्हालाही हेच सांगितलं होतं. त्यांच्या वरच्याही म्हणायच्या.

एकदा धडा लवकर संपला म्हणून बाईंनी पर्समधून चार कागद काढले आणि हूं म्हणायचा नियम सांगितला. अख्खा वर्ग हसत सुटला. मुलं मुद्दाम म्हशीसारखी हूं करायला लागली. बाईंनी वर बघितलंही नाही, वाचत राहिल्या. हळूहळू हूं खरे यायला लागले. मग मध्येच त्या माझ्या बाकाशी थांबल्या.

"तू कुठं गेलीस गं?"

"कुठे नाही बाई."

"हूं बंद झाला तुझा. कसला विचार करत होतीस? खरं सांग."

"डब्याचा."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते पान उजेडाकडे धरून पुन्हा वाचलं. "पोरीला माझ्या गोष्टीत डबा आठवला," त्या म्हणाल्या आणि अख्ख्या पानावर उभी रेघ मारली. "रविवारी मोकळी असतेस का?"

अशी मी या कामाला लागले.

रविवारी बाईंच्या घरी जायचं, तर आधी घर कुठे आहे ते विचारायला लागायचं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, सामान थोडं होतं आणि भाड्याच्या खोलीचा करार संपायच्या आतच त्यांना ती खोली नकोशी व्हायची. अंधेरी, मग घाटकोपर, मग बोरिवली, मग मुलुंड. कुठे खिडकी चुकीच्या बाजूला, कुठे शेजारी फार चांगले. कपाट त्यांनी कधी घेतलं नाही. "कपाट घेतलं की माणूस राहायला लागतो," म्हणायच्या. सगळं खोक्यांत. सत्कारात मिळालेल्या शाली खिडक्यांना पडदे म्हणून लावलेल्या. एका खिडकीला मरून, एकीला मोरपंखी. घर बदललं की पहिल्यांदा शाली निघायच्या.

घाटकोपरला खालच्या मजल्यावरचे गुजराती काका एकदा वर आले. "बेन, ऊपर मशीन बिठाया है क्या?"

"नाही हो. गोष्ट चाललीय," बाई म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हां, वो चलके लिखती हैं." काका खाली गेले. पुढच्या रविवारी त्यांनी बाईंसाठी मऊ तळाच्या सपाता पाठवल्या. बाईंनी त्या घातल्या आणि महिन्याभरात घर बदललं.

लोक त्यांना दक्षिण कोकणच्या लेखिका म्हणायचे. गोव्याच्या वेशीला लागून त्यांचं गाव, आणि जे काही लिहिलं ते सगळं त्या गावाबद्दल. दुसरं एक अक्षर नाही. पण गावी त्या दोन दिवसांवर टिकत नसत. सुट्टी लागली की जायची घाई, गेल्या की परतायची घाई. मी विचारलं होतं, मग तिथेच का नाही राहत? तर म्हणाल्या, "तिथं राहिले तर लिहू कशाबद्दल? मुलुंडबद्दल?"

त्यांचा एक भाऊ होता, मोठा. तो मुंबईतच होता, चारकोपला. पण हे मला नंतर कळलं.

कळलं ते असं. भाऊबीज होती. मी दांड्याला आमच्या घराबाहेर उभी होते, तर समोरून होड्यांच्या बाजूने बाई येताना दिसल्या. साडी घोट्याच्या वर, चपला हातात.

"बाई, इकडे कशा?"

"चालत आले."

"अंधेरीहून?"

"आज घरात बसवत नाही," म्हणाल्या. आईने त्यांना चहा दिला. तो त्यांनी उभ्याने घेतला, बशी परत केली आणि वांद्र्याच्या दिशेने गेल्या. आई मागून बघत राहिली. "तुजी बाई कवा बसत नाय का गो?"

पुढच्या रविवारी मी सरळ विचारलं. मी सरळच विचारते. बाईंनीही सरळ सांगितलं.

भाऊ गिरणीत होता. आई गावी आजारी पडली, बरेच दिवस अंथरुणावर होती, सारखी दाराकडे बघायची. भावाला निरोप गेले. तो आला नाही. आई गेली, तेरावं झालं, तरी नाही. बाई तेव्हा नुकत्या लिहायला लागल्या होत्या. त्यांची पहिली नाव झालेली गोष्ट तीच: मरणाऱ्या आईकडे न येणारा मुलगा. दिवाळी अंकात आली. गिरणीच्या कँटीनमध्ये कुणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाला, ही तुझी बहीण ना रे? गावात घराघरांत गेली. त्या दिवसापासून भाऊ बाईंशी बोलला नाही. गिरणी बंद पडली, तो चारकोपला सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहायला गेला, तरी नाही.

"तो मुलगा नुसता वाईट होता त्या गोष्टीत," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा लहान होते. मला वाईट माणूस लिहिता आला याचाच आनंद."

मग एकदा मुलुंडला नात्यातल्या एका लग्नात वहिनी भेटली. हात धुवायच्या जागी दोघी शेजारी उभ्या, आणि वहिनीने नळ चालू ठेवून तो का आला नव्हता ते सांगितलं. बाई जेवल्याच नाहीत. तिथून घरी आल्या आणि कादंबरी सुरू केली.

ती कादंबरी तीन घरांत लिहिली गेली. मी प्रत्येक घरात हूं दिला. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी रविवार सोडला नाही. नवरा म्हणायचा, तुला काय मिळतं गं तिथे? मी म्हणायची, तू क्रिकेट बघतोस तेव्हा मी विचारते का?

बारावं प्रकरण बाईंनी बोरिवलीच्या खोलीत वाचलं. भाऊ मुंबईत, आई गावी, आणि ते सगळे दिवस. मी हूं द्यायला विसरले. बाई ओट्याशी थांबल्या. पेन्सिलीकडे हात गेला.

"डबा?"

"नाही बाई. तुम्ही वाचा. मला बोलता येत नाही आत्ता."

बाईंनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली. त्या प्रकरणावर एकही फुली नाही. बाकीची प्रकरणं या एकासाठीच लिहिली होती असं मला वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

दादरचा प्रकाशक तरुण आणि घाईतला. कादंबरी जुळवून तयार होती, मुखपृष्ठ झालं होतं. बाई शेवटचा होकार देईनात. "ज्याची गोष्ट त्यानं ऐकलेली नाही," एवढंच सांगायच्या. तो मला फोन करायचा. "ताई, तुम्ही तरी समजवा. त्यानं ऐकलं आणि नको म्हणाला, तर?" मी बाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "नको कशाला म्हणेल? मी त्याला दोषातून सोडवतेय." कागद हातात घेऊन खोलीत फिरत होत्या. मग थांबल्या, वहिनीला फोन करून येत असल्याचं कळवलं. "चल. आत्ताच जाऊ. उद्या माझे पाय दुसरीकडे जातील."

बोरिवलीहून चारकोप किती लांब? रिक्षात बाई सतत पदर सारखा करत होत्या. इतकी वर्षं एवढंच अंतर होतं मधे.

दार वहिनीने उघडलं. "इलंस? ये. मी तेंका सांगूक नाय तू येतलंस म्हणान. सांगला असता तर घरात गावले नसते."

भाऊ जमिनीवर बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर उघडलेला मिक्सर. गिरणी गेल्यावर त्यांनी हेच काम धरलं होतं, आसपासच्यांचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या. त्यांनी मान वर केली. बहिणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

"थंयसर बसू नको," ते म्हणाले. "स्क्रू पडलेत."

"मी बसतंय खंय?" बाई म्हणाल्या.

"तां पण खरा."

एवढ्या वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच. बाईंनी कागद काढले. "दादा, एक वाचून दाखवचा आसा."

"वाच मगे. माजे कान काय कोणी नेले नाय."

बाई वाचायला लागल्या. त्या घरात चालायला जागा नव्हती. दाराच्या चौकटीपासून फ्रीजपर्यंत तीन पावलं, तेवढ्यातच त्या येरझारा घालत होत्या. मी वहिनींच्या शेजारी उभी. भाऊ स्क्रू-ड्रायव्हर फिरवत होते. पहिल्या परिच्छेदानंतर खालून आवाज आला. "हूं."

बाई अडखळल्या. त्यांची आई दोघांना गोष्टी सांगायची तेव्हा ही सवय लागली होती, हे मला माहीत होतं. भावाला स्वतःलाही आपण हूं म्हटल्याचं कळलं नसावं. बाई पुढे वाचत गेल्या. प्रत्येक वळणावर हूं येत गेला. आईला निरोप पाठवलेला भाग आला, हूं. तो मुंबईत काय करत होता तो भाग आला, हूं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. स्क्रू-ड्रायव्हर कधीच थांबला होता, पण हूं थांबला नाही. शेवटच्या ओळीलाही आला.

बाईंनी कागद खाली घेतले. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. परीक्षेचा निकाल हातात आलेल्या मुलीसारखा.

"बरा लिवलंस," भाऊ म्हणाले.

"खरा आसा मां, दादा?"

"खरा आसा. छापू नको."

पंख्याखाली वर्तमानपत्राची कड फडफडत होती. भावाने तिच्यावर मिक्सरचं भांडं ठेवलं.

"तू हूं म्हणत होतंस," बाई म्हणाल्या. "सगळ्याक."

"खरा होता म्हणान म्हटलंय."

"लोक तुका आयशीक इसरलेलो म्हणतत. माज्यामुळे."

"म्हणांदेत. तां सोसता माका. मी येवक नाय, ह्यां गावाक म्हायत आसा. कित्या येवक नाय, तां माज्याकडे रवांदे." का आलो नाही ते त्यांना आपल्यापाशीच ठेवायचं होतं. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, "तेवा तू खोटा छापलंस, मी गप रवलंय. आता खरा लिवलंस. आता तू गप रव."

वहिनी म्हणाल्या, "अवो, ती तुमच्यासाठीच—"

"म्हायत आसा माका," भाऊ म्हणाले. "च्या टाक."

चहा झाला. तोही बाईंनी उभ्याने घेतला. निघताना त्यांनी बाराव्या प्रकरणाचे कागद मिक्सरच्या शेजारी ठेवले आणि बाहेर पडल्या.

चारकोपच्या त्या सेक्टरांमधून आम्ही किती वेळ चाललो सांगता येणार नाही. एक गल्ली संपली की दुसरी, सगळ्या सारख्या, तोच दुधाचा बूथ दोनदा लागला. मला राग आला होता आणि मी तो बोलून टाकला. "बाई, छापा. तुमच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं लिहिलंय ते. त्यांना काय कळतं त्यातलं? लेखिका तुम्ही आहात."

"पहिली गोष्टसुद्धा लेखिका म्हणूनच छापली होती," बाई म्हणाल्या. "तेव्हा विचारलं नव्हतं. आज विचारलं."

"मग विचारायलाच नको होतं."

"हो गं," त्या म्हणाल्या. "नकोच होतं." आणि चालण्याचा वेग वाढवला. मला मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाशी फोनवर झालं ते मी ऑफिसातून परतताना बाईंच्या खोलीवर ऐकलं. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की स्पीकरची गरज नव्हती. "बाई, तुम्ही पुस्तकाचा कणा काढून घेताय. उरलेल्याला मी काय करू?" बाई म्हणाल्या, "छाप. आणि प्रकरणांचे नंबर बदलू नको. अकरानंतर तेरा." तो म्हणाला, लोक चूक समजतील. बाई म्हणाल्या, "समजू देत."

लोकांनी चूकच समजली. दुकानांतून पुस्तकं परत यायला लागली. छापखान्याने गोंधळ केला, पानं गहाळ आहेत, बदलून द्या. परत आलेल्या प्रतींची खोकी प्रकाशकाने रागाने बाईंच्या घरी पाठवून दिली. कुणी फोन करून विचारलं तर बाई सांगायच्या, "ते प्रकरण आहे. फक्त तुमच्यासाठी नाही." लोकांना हा उद्धटपणा वाटायचा. एका परीक्षणात लिहून आलं की कादंबरी चांगली चालते आणि मध्येच तिचा श्वास सुटतो. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. मी हूं म्हटलं नाही. "म्हण, म्हण," त्या म्हणाल्या. "बरोबर लिहिलंय त्यानं."

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ मुलुंडला, बाईंच्या नव्या घरी आले. मी माझ्या भावाला ओवाळून फराळाचा डबा द्यायला गेले होते म्हणून मला ते बघायला मिळालं. पाट नव्हता, तर बाईंनी त्यांना परत आलेल्या पुस्तकांच्या खोक्यावर बसवलं. "ह्यां काय आसा खाली?" त्यांनी विचारलं. "माजी कादंबरी," बाई म्हणाल्या. ते जरा सावरून बसले. बाईंनी ओवाळलं आणि ताट हातात तसंच धरून दोन फेऱ्या मारल्या. "दिवो विझतलो गो, उभी रव मगे," भाऊ म्हणाले.

त्यानंतर बाईंनी नवीन काही पूर्ण केलं नाही. सुरू पुष्कळ केलं. रविवारी मी जायची, त्या चार पानं वाचायच्या, मी हूं म्हणत असतानाच स्वतः थांबायच्या आणि कागद खोक्यात टाकायच्या. नोकरी त्यांनी सोडली नाही, नोकरीनेच त्यांना वयानुसार सोडलं. शेवटच्या तासालासुद्धा सवयीने सांगितलं, पुढच्या वर्षी मी नाही. त्यावर मुलं हसली नाहीत म्हणून त्या हिरमुसल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आजार मोठा नव्हता, पण झोपून राहायला सांगितलं होतं.

कॉलेजने शोकसभा ठेवली. मी शेवटच्या रांगेत, आणि माझ्या शेजारी भाऊ. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, हातात टोपी. एकट्याने आले होते, वहिनींचे गुडघे दुखत होते. व्यासपीठावर एक मोठे समीक्षक बोलले. ते म्हणाले, अकरानंतर थेट तेरावं प्रकरण ठेवून लेखिकेने मराठी कादंबरीत एक धाडस केलं. न लिहिलेलं प्रकरण वाचकाने आपल्या मनात लिहायचं, ही त्यांची योजना. हे त्यांच्या कलेचं शिखर आहे. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे मग आठवलं आणि त्या अर्ध्यात थांबल्या.

भाऊ एकटक समोर बघत होते.

सभा संपल्यावर मी त्यांना फाटकापर्यंत आणलं, रिक्षा थांबवली. "चारकोप," मी सांगितलं. रिक्षावाला हो म्हणाला. भाऊ चढेनात.

"तो मानूस बोललो तां खरा काय गो?" त्यांनी विचारलं. "तां प्रकरण नाय म्हणान पुस्तक चांगला झाला?"

मला हो म्हणता आलं असतं. ऐंशीच्या घरातला माणूस, बहीण नुकती गेलेली. शिवाय ते व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं, एका शिकलेल्या माणसाकडून.

"नाही काका," मी म्हटलं.

"कमी झाला?"

"कमी झालं."

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिका म्हायत होता?"

"सगळ्यांच्या आधी."

मागून मुलांचा घोळका बाहेर पडत होता, तो आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. भाऊ वळले, फाटकाच्या आतल्या पायरीपाशी गेले, हाताने जागा झटकली आणि खाली बसले.

"चलना है क्या, मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी त्याला जायला सांगितलं.